मापाऱ्याची उधारी

बुद्धिबळाच्या स्पर्धांत मी जे काही डाव खेळलो, त्यांतला कोणाला दाखवावा असा एकच आहे. त्या डावात काळ्याच्या पहिल्या चार चाली माझ्या नाहीत, दारव्ह्याच्या एका मापाऱ्याच्या आहेत. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर, रिकाम्या झालेल्या घरात उंट, वजिरापुढचं प्यादं एक घर, मग घोडा. पुढच्या आठ चाली माझ्या म्हणता येतील. पण त्या सुचेपर्यंत गप्प बसायचा दम मी त्यांच्याकडूनच घेतला होता.

त्यांचं नाव लिहीत नाही. गावातही त्यांना नावानं फारसं कोणी हाक मारत नसे. मोठी माणसं 'मापारी' म्हणत, आम्ही पोरं 'मापारीकाका'. तरुणपणी ते धान्याच्या बाजारात पायलीनं ज्वारी मोजत. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची त्यांची सवय पुढे कापसाच्या काट्यावरही सुटली नाही. सकाळची पहिली गाडी काट्यावर चढली की काका मोठ्यानं 'लाभ' पुकारत, आणि मगच आकडा सांगत. खरेदी केंद्रावरचे बाबू हसत. काकांनी त्या हसण्याची कधी दखल घेतली नाही.

यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला कापसाची रांग सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्यानं कापूस सरकारच्याच केंद्रावर द्यायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही. २००२ पर्यंत हे चाललं. योजनेच्या बऱ्यावाईटाबद्दल इथे वाद नको. आमच्या घरात त्यावरून पुरेशी भांडणं झाली आहेत. पण दिवाळी सरली की जिनिंगच्या फाटकापासून थेट सडकेपर्यंत बैलगाड्यांची रांग लागे, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कधी ग्रेडर आलेला नसे, कधी कापूस ठेवायला जागा नसे, कधी नुसताच 'आज काटा बंद' असा निरोप येई. बैल सोडून गाडीलाच बांधलेले, पुढ्यात कुटार, गाडीखाली घोंगडी टाकून झोपलेला धनी, आणि वर एच-फोरचा पांढराशुभ्र ढीग. आमचीही गाडी त्यात असे. वडील घरी जायचे, आजोबा गाडीपाशी बसायचे, आणि शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी जायचो.

काटा बंद असला की मापाऱ्याला काम नसतं. काका काट्याच्या खोलीच्या ओट्यावर कापडी पट पसरायचे.

तो पट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बुद्धिबळ येतं असा माझा समज होता. शाळेत एक प्लॅस्टिकचा संच होता, त्यावर मी बऱ्यापैकी खेळायचो. काकांच्या पटावर काळी-पांढरी घरं नव्हतीच. मळक्या कापडावर दोऱ्यानं आखलेल्या चौकटी, आणि मधल्या काही घरांत टाक्यांच्या फुल्या. मोहरी लाखेची, एक बाजू लाल आणि एक हिरवी. लालचा एक हत्ती कधीतरी हरवलेला, त्याच्या जागी निरांजनाची वात ठेवायची डबी असे. नियमही आमच्या शाळेचे नव्हते. प्यादं कधीच दोन घरं चालायचं नाही. राजा आणि वजीर अशा रीतीनं मांडलेले की एकाच्या राजासमोर दुसऱ्याचा वजीर यावा. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची उडी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर सरसकट वजीर होत नाही, ज्याचं घर असेल ते मोहरं होतं. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती. आणि समोरच्याची सगळी मोहरी मारून नुसता राजा उरवला तर ती मात नव्हे, 'बुर्जी', म्हणजे अर्धा विजय. बुर्जी घेणाऱ्याला काका जवळजवळ हरल्यातच धरत. "सारं वावर कापलं अन् धनी तसाच उभा," असं काहीतरी बोलत.

प्यादं एकेक घर चालत असलं की डाव सावकाश उघडतो. शाळेत आम्ही पहिल्याच चालीला राजाचं प्यादं दोन घरं फेकायचो, पाचव्या चालीला वजीर बाहेर, दहाव्या चालीला मारामारी. काकांशी मी तसंच खेळायला जायचो. ते आपल्या तीन ओळींच्या आत राहून बारीक बारीक चाली करायचे. एक उंट कोपऱ्याजवळ तिरका लावून ठेवायचा आणि मग त्याच्याकडे बघायचंही नाही. मी मधली सगळी घरं बळकावून बसलो की मला वाटे, झालं, काका चिरडले. ते बिडी विझवून कानामागे ठेवायचे आणि म्हणायचे,

"घाई कायची हाय, बाबू? येऊ दे त्याले. जितका पुढं येईन तितका मांगं उघडा पडन."

आणि पडायचा. माझी पुढे गेलेली प्यादी एकमेकांना धरून ठेवायला कोणी नसायचं. कोपऱ्यातला उंट, ज्याला मी विसरलेलो असे, त्याच्या तिरक्या वाटेवरचं एखादं प्यादं हललं की माझा हत्ती थेट त्याच्या तोंडात. कुठली चाल चुकली हे ते कधी सांगत नसत. फक्त एखादं प्यादं बोटानं टिचकी मारून दाखवायचे, "ह्याले तिकडं कोनं बोलावलं होतं?"

हरणाऱ्यानं चहा पाजायचा असा ओट्यावरचा नियम होता. गाडीवान, हमाल, कधी एखादा ग्रेडरसुद्धा तिथे बसे, आणि नियम सगळ्यांना सारखा. माझ्याकडे पैसे नसत. काकांनी त्यावर तोड काढली. काट्याच्या खोलीच्या दारामागे वजनाच्या बेरजा करायला ते खडूनं रेघा ओढत, तिथेच खाली एका कोपऱ्यात माझ्या नावाच्या रेघा सुरू झाल्या. एक डाव, एक रेघ. "मोठा झाल्यावर दे," म्हणाले. दर हंगामाला दार रंगवलं जाई आणि रेघा पुसल्या जात. पण पुढच्या दिवाळीनंतर काका पुन्हा पहिल्यापासून नव्हे, मागच्या आकड्यापासून रेघा ओढत. आकडा त्यांना पाठ असे. मापाऱ्याला आकडा विसरून चालत नाही.

१९८८ साली विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. त्याचा फोटो पेपरात आला आणि अचानक बुद्धिबळ हा खेळ 'करण्यासारखा' झाला. त्याआधी आमच्याकडे तो रिकामटेकड्यांचा उद्योग होता. यवतमाळला खुली स्पर्धा जाहीर झाली. आमच्या गणिताच्या सरांनी मला नाव द्यायला लावलं, प्रवेश फी स्वतः भरली, आणि जाण्याआधी दोन संध्याकाळ बसवून चाली लिहायला शिकवलं. घरांना नावं असतात, ए पासून एच आणि एक पासून आठ, आणि प्रत्येक चाल लिहावीच लागते, हे मला तोवर माहीत नव्हतं. सरांचंही देणं आहे. पण सर आज खुर्चीत बसून हे वाचतील आणि 'शुद्धलेखन तपास' म्हणतील, तेव्हा त्यांच्याबद्दल एवढंच.

यवतमाळला शकुंतलेनं गेलो. दारव्हा मोतीबाग स्टेशनावरून ती छोटी गाडी सुटायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद रूळ ब्रिटिश कंपनीनं कापूस वाहायला टाकला, आणि स्वातंत्र्यानंतरही त्याची मालकी त्या कंपनीकडेच राहिली, हे आता सगळ्या जगाला ठाऊक आहे. तेव्हा वाफेचं इंजिन होतं. ते १९९४ मध्ये गेलं. लाडखेडला गाडी थांबली की उतरून पाणी पिऊन पुन्हा चढता येई. माझ्यासोबत डब्यात दोन गाडीवान होते. तेही यवतमाळला कुठल्याशा चुकाऱ्याच्या चेकची चौकशी करायला निघालेले. त्यांनी विचारलं, कुठे चालला? मी म्हटलं, बुद्धिबळ खेळायला. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. "मापाऱ्याचा पोट्टा हाय थो," दुसरा म्हणाला. मी मापाऱ्याचा कोणी नव्हतो. पण मी ते दुरुस्त केलं नाही.

स्पर्धेत मी फार काही दिवे लावले नाहीत. हा एक डाव तेवढा.

समोरचा मुलगा माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, कॉलेजातला. टेबलावर त्यानं एक जाड इंग्रजी पुस्तक पालथं घालून ठेवलेलं होतं. नियमात ते बसतं का हे विचारायचीही मला हिंमत नव्हती. त्याच्याकडे पांढरी, माझ्याकडे काळी. बाजूला घड्याळ, दोन तोंडांचं घड्याळ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. त्यानं राजाचं प्यादं दोन घरं टाकलं, ई४. माझा हात शाळेच्या सवयीनं ई-प्याद्याकडे गेला होता, पण घड्याळाच्या टिकटिकीनं बिथरून म्हणा किंवा आणखी कशानं, मी काकांच्या घरात शिरलो. जी६. तो डी४, मी उंट जी७. तो सी४, मी डी६. तो घोडा सी३, मी घोडा एफ६. मग त्यानं एफचं प्यादंही एफ४ वर आणलं, आणि त्याची चार प्यादी एका ओळीत छाती काढून उभी राहिली. मी किल्लेकोट केला. तो घोडा एफ३.

इतकी जागा कोणाला देताना शाळेत कोणी पाहिलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. त्या मुलानं माझ्याकडे पाहिलंही तसंच. किल्लेकोट सोडला तर इथपर्यंतचा खेळ काकांचा. आता मी काय करणार होतो? काकांच्या नियमात सीचं प्यादं एकच घर चाललं असतं. इथे मात्र ते दोन घरं जाऊ शकत होतं. मी सी५ केलं, त्याच्या रांगेच्या कडेला. त्यानं डी-प्याद्यानं ते मारलं. मी वजीर ए५ वर नेला. आता सी३ वरचा त्याचा घोडा हलू शकत नव्हता. हलला की ए५ वरून राजाला शह. त्याला ते दिसलं नसावं, किंवा दिसूनही पुढे फुकटचं दुसरं प्यादं दिसत होतं. तेच प्यादं त्यानं आणखी पुढे नेऊन डी६ मारलं. माझी दोन प्यादी गेली होती. मग मी घोड्यानं ई४ वरचं प्यादं मारलं. त्याच्या रांगेतलं सगळ्यात मानाचं. आणि घोडा हलताच जी७ वरचा तो विसरलेला उंट त्याच्या सी३ वर तुटून पडला. डी४ वर आडवं येणारं प्यादं आता राहिलं नव्हतं. ते तर मला खायला निघून गेलं होतं.

पुढचं भराभर झालं. त्यानं उंट डी२ वर आडवा घातला, मी घोड्यानं तो मारला, त्यानं वजिरानं घोडा. मी उंटानं सी३ चा घोडा, त्यानं बी-प्याद्यानं उंट. मी ई-प्याद्यानं डी६ वरचं त्याचं ते भटकं प्यादं मारलं. हिशेब बरोबरीचा झाला होता. माझी प्यादी जरा नीट, त्याची फुटलेली. डाव अजून कोणाचाच नव्हता. इथे त्यानं बारावी चाल केली. वजिरानं डी६. तिसरं प्यादं. त्याच्या चेहऱ्यावर मला अजून आठवतो तो भाव: पोरानं प्यादं उघडं टाकलं. माझा वजीर सी३ वर गेला. शह, आणि कोपऱ्यातल्या ए१ च्या हत्तीवर मार. दोन्हींतलं एकच वाचवता येत होतं, आणि ते काय हे नियमच सांगतो. हत्ती घेतल्यावर थोड्या चालींत त्यानं हात पुढे केला. डाव सोडताना हात मिळवायचा असतो, हेही मला तिथेच कळलं.

स्पर्धेचे पंच एक निवृत्त गृहस्थ होते. ते माझ्या मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "हायपरमॉडर्न खेळतोस! कुठे शिकलास, नागपूरला?" मी म्हटलं, "जिनिंगमध्ये." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

पुढे वाचत गेलो तेव्हा त्यांच्या प्रश्नाचा अर्थ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातल्या आचार्यांनी शिकवलं होतं की पटाच्या मध्यावर प्याद्यांनी ठाण मांडलं की अर्धा डाव जिंकला. पहिल्या महायुद्धानंतर रेटी, निम्झोविच, ब्रेयर, ग्रुनफेल्ड अशा मंडळींनी ते उलटं केलं. मध्य समोरच्याला घेऊ द्या. तुम्ही दुरून, कडेच्या उंटांनी त्यावर नजर ठेवा, आणि त्याचं ते वैभव त्याला जड होईल तेव्हा कडेनं घाव घाला. १९२४ साली न्यूयॉर्कला रेटीनं कापाब्लांकाला हरवलं, जो आठ वर्षं कोणाकडून हरला नव्हता, तेव्हा जगानं या नव्या पंथाची दखल घेतली. १९२५ मध्ये निम्झोविचचं 'माय सिस्टिम' आलं. टार्टाकोवरनं पंथाला 'हायपरमॉडर्न' हे नाव चिकटवलं. आधुनिकाच्याही पुढचं. मला हे वाचताना धोतर, मळकी टोपी आणि कानामागची बिडी दिसत होती. आधुनिकाच्याही पुढचा हा माणूस दहा-पंधरा पिढ्या जुन्या नियमांनी खेळत होता!

यात नुसती गंमत नाही, इतिहास आहे. या बचावांना जगभर 'इंडियन' म्हणतात: किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन. ते काही टिळा लावायला दिलेलं नाव नाही. बुद्धिबळाचे इतिहासकार त्याचं मूळ आपल्या देशी नियमांत शोधतात. प्याद्याला दोन घरांची उडी नसल्यानं इथल्या खेळाडूंचा हात आपोआप जी६, डी६ अशा छोट्या चालींकडे आणि उंट कडेला लावण्याकडे वळलेला. विलायती नियम शिकल्यावरही ती सवय राहिली.

आणि ती सवय कागदावर सापडते ती कलकत्त्यात. जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर तिथे वकिली करत होता. हौशी कसला, १८२१ साली फ्रान्समध्ये देशापेल आणि लाबूर्दोने यांच्याशी पट मांडलेला माणूस. कलकत्त्यात त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं. १८४८ च्या सुमारास तिथल्या बुद्धिबळ क्लबच्या एका सभासदानं खबर आणली की बाहेर मोफसलात एक ब्राह्मण आहे, तो म्हणे कधी हरलेला नाही. महेशचंद्र बॅनर्जी. इंग्रजी कागदांत त्याचं 'मोहेशुंदर' झालं. सुरुवातीला तो कॉक्रेनकडून भरपूर हरला, विलायती नियम अंगवळणी पडायला वेळ लागला. पण तो शिकत गेला, आणि दोघं वर्षानुवर्षं खेळत राहिले. मे १८५५ मधला त्यांचा एक डाव तर आज ज्याला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात त्याचा पहिला नमुना म्हणून छापतात. ग्रुनफेल्ड जन्माला यायला त्या वेळी अजून अडतीस वर्षं होती. तो डाव कॉक्रेननं जिंकला, घोड्यानं कोंडून मात करून.

त्याच काळातला त्यांचा दुसरा एक डाव मी प्रथम पाहिला तेव्हा पुस्तक खाली ठेवून उठलो. पांढरा कॉक्रेन: ई४, डी४, सी४, घोडा सी३, एफ४, घोडा एफ३. काळा महेशचंद्र: डी६, जी६, उंट जी७, घोडा एफ६, किल्लेकोट. पांढऱ्याच्या सहाव्या चालीनंतरचा पट आणि यवतमाळच्या हॉलमधला माझा पट, एका घराचाही फरक नाही. तिथून वाटा फुटतात. मी सी५ केलं, त्यानं उंट जी४ वर आणून घोडा जखडला, मग ई५. आणि नवव्या चालीला त्याचाही घोडा ई४ वर. पण माझा घोडा सुरक्षित होता, त्याचा त्यानं बळी दिला. चार चालींनी तर वजीरही मारू दिला, कारण मधल्या मध्ये त्याचं एक प्यादं कॉक्रेनच्या राजाच्या दारापर्यंत पोचलं होतं आणि जी४ वरच्या उंटानं बदल्यात कॉक्रेनचा वजीर घेतला. धूर खाली बसल्यावर पाहावं तर जमाखर्चात कॉक्रेनच थोडा वरचढ. तरी डाव काळ्यानं जिंकला. मी माझा डाव त्यासमोर ठेवत नाही. माझ्या प्रतिस्पर्ध्यानं हाव केली म्हणून मी जिंकलो. महेशचंद्रानं हाव नसलेल्या, त्या काळच्या जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एकाला हरवलं.

पण मला त्या डावात आणखी एक माणूस दिसतो, तो कॉक्रेन. हे डाव आज आपल्याकडे आहेत ते त्यानं टिपून ठेवले म्हणून. स्वतः हरलेले डावसुद्धा. ते इंग्लंडातल्या बुद्धिबळाच्या नियतकालिकांत छापून आले. महेशचंद्राच्या आधी बंगालात, तंजावरात, पुण्यात, वऱ्हाडात असे किती जण ओट्यावर पट मांडून बसले असतील? कोपऱ्यातल्या उंटाची वाट धरून किती जणांनी किती जणांना गुंडाळलं असेल? त्यांच्या समोर चाली लिहिणारा कॉक्रेन नव्हता. साहेबाबद्दल मला एरवी प्रेम नाही, पण हे त्याचं देणं मान्य करावं लागतं.

आज आमच्या भागात बुद्धिबळाला वेगळेच दिवस आहेत. अमरावतीचा स्वप्निल धोपाडे ग्रँडमास्टर झाला, नागपूरचा रौनक साधवानी झाला. आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून. त्याच विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. यवतमाळातली पोरं एखादा पट मोबाइलवर बुद्धिबळाच्या इंजिनाला विचारतात आणि ते क्षणात सांगतं, पाव प्याद्यानं काळा बरा. मी त्यांना काकांच्या पटाची गोष्ट सांगितली तर ती नम्रपणे ऐकतात.

यवतमाळच्या त्या स्पर्धेनंतर मी परत आलो, तेव्हाची गोष्ट राहिली.

हंगाम भरात होता. काटा दुपारपर्यंत चालून बंद पडला होता. मी स्कोअरशीटची कार्बन प्रत घडी करून नेली होती. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. "हे काय, पावती?" मी म्हटलं, डाव आहे, लिहिलेला. मांडून दाखवतो. मी माझ्या पद्धतीनं मोहरी मांडली तर ते वैतागले. "राजासमोर राजा? दोघं काय तोंडाकडं पाह्यत बसतीन?" मग मी खेळवत गेलो. पहिल्या चार चालींवर त्यांनी काहीच म्हटलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सीचं प्यादं दोन घरं गेलं तेव्हा नाक मुरडलं. घोड्यानं ई४ मारलं तेव्हा गाडीवानांनी 'वा' केलं, काका गप्प. बाराव्या चालीला मी थाटात लालचा वजीर उचलून डी६ वर ठेवला, आणि त्यांनी माझा हात धरला.

"त्यानं हे नसतं खाल्लं तं?"

मी म्हटलं, पण त्यानं खाल्लं.

"मी थे नाही इचारून राह्यलो." त्यांनी वजीर उचलून परत डी२ वर ठेवला. "उठ. तिकडं बस. मी लाल घेतो. आता खेय."

त्यांनी उंट ई२ वर आणला, एकच घर. मग म्हणाले, "तुह्या शाळेचा तो किल्ला आज मले पाह्यजे," आणि राजा कोपऱ्यात नेला. माझा एक हत्ती, एक घोडा आणि एक उंट अजून घरातच बसलेले, हे मला तेव्हा प्रथम दिसलं. जिंकलेल्या डावाच्या कागदावर ते दिसत नाही. डी६ वरचं माझं प्यादं एकटं होतं, शेजारच्या दोन्ही पट्ट्यांत त्याला कोणी नव्हतं. काकांनी त्यावर एक हत्ती लावला, मग त्याच्यामागे वजीर, आणि बी-पट्टीवर दुसरा हत्ती, म्हणजे ती वातीची डबी. फुटक्या प्याद्यांचं त्यांना काही वाटत नव्हतं. मी ते प्यादं राखत राहिलो, राखत राहिलो, आणि शेवटी ते राखण्यातच माझी सगळी मोहरी गुंतली. संध्याकाळी डी६ पडलं, मग बी७, मग डाव.

मी खिशात हात घातला. स्पर्धेला जाताना वडिलांनी दिलेले पैसे उरले होते. मी म्हटलं, काका, आज चहा मी सांगतो, मागचेही थोडे फेडतो. काका पट गुंडाळत होते. एक रेघ त्यांनी दारामागे ओढलीच.

"राहू दे," ते म्हणाले. "तुले आता लिहाची सवय लागली ना? लिहून ठेव."